आठल्येबाईंचा बाळ

नातवाला मी 'बाळ' म्हणून हाक मारली की माझी सून विचारते, "आई, तुम्ही दर वेळी गालातल्या गालात का हसता?" मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेते. तिला सांगायचं म्हटलं तर आधी आठल्येबाई सांगाव्या लागतील, मग त्यांचा कुत्रा, मग बालीगंजची ती गल्ली. आणि सुनेला तेवढा वेळ नसतो. या दोन अक्षरांच्या, दुधाचा वास असलेल्या शब्दानं मी एका अख्ख्या सभ्य गल्लीला घाम फुटलेला पाहिला आहे. म्हणून ते हसू येतं.

साठचं दशक संपता संपता ह्यांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली. मी साताऱ्याची. कलकत्ता म्हणजे रसगुल्ले आणि दमट हवा, एवढंच मला ठाऊक. जागा मिळाली ती बालीगंजला एका तीन मजली घरात, सगळ्यांत वरची. तळमजल्यावर एक मराठी बाई राहतात असं दलालानं सांगितलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. ट्रंका उघडायच्या आधीच मी खाली गेले आणि दार वाजवलं.

दार उघडलं ते एका उंच, हाडकुळ्या बाईंनी. कडक इस्त्रीची पांढरी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि समोरचा माणूस वर्गात उशिरा आला आहे अशी नजर.

"मी वरच्या मजल्यावर आलेय," मी म्हटलं. "इथं आपलं माणूस भेटलं, फार बरं वाटलं."

"का म्हणून?" बाई म्हणाल्या.

मी गोंधळले. मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

"का म्हणून बरं वाटलं? मी कशी आहे ते तुम्हाला अजून ठाऊक नाही. आत या, चहा घ्या, मग ठरवा."

ही आमची पहिली भेट. चहा उत्तम होता आणि मी ठरवलं ते अजून बदललेलं नाही.

बाईंचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि तिथलेच झाले. बाईंचा जन्म तिथला, शाळा तिथली, नोकरीही तिथलीच: मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी कारण विचारलं तर म्हणायच्या, "का म्हणून करायचं, ते मला कुणी पटवलं नाही." मराठी आपल्यासारखं बोलायच्या आणि बंगाली तर गल्लीतल्या बंगाल्यांहून शुद्ध. गडियाहाटच्या बाजारात एकदा एक वांगीवाला त्यांना म्हणाला, तुम्ही बाहेरची माणसं, तुम्हाला वांग्यातलं काय कळणार. बाईंनी त्याला त्याच्याच भाषेत, त्याच्या टोपलीतली किडकी वांगी एकेक करून बाजूला काढून दाखवली आणि म्हणाल्या, "ही बाहेरची. बाकीची दे."

रस्त्यानं चालायच्या त्या मधोमध. फुटपाथवर दुकानं मांडलेली असत, त्यामुळे काठाकाठानं चालणाऱ्याला मान खाली घालावी लागते, असं त्यांचं म्हणणं. मागून टॅक्सीवाला भोंगा वाजवी. बाई थांबत, वळून त्याच्याकडे बघत आणि घड्याळ बघत. तो भोंगा बंद करी. मी त्यांच्याबरोबर दोन-तीनदाच अशी चालले. माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं.

आता कुत्रा.

आमच्या समोर दत्तबाबूंचं घर. दत्तबाबू वकील, नावाजलेले. परीटघडीचं धोतर, सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणं मधासारखं. गल्ली इतकी अरुंद की आमची गच्ची आणि त्यांची गच्ची समोरासमोर, मध्ये फक्त तारा. त्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ भिंतीत एक लोखंडी कडी होती आणि त्या कडीला साखळीनं एक कुत्रा बांधलेला असे. कधीकाळी तो मुलाच्या हट्टापायी आणलेला, कुठल्यातरी विलायती जातीचा. मुलगा शिकायला जर्मनीला गेला आणि कुत्रा गच्चीवर गेला. ऊन असो, पाऊस असो, तो तिथंच. नोकर एका पत्र्याच्या डब्यात भात टाकून जाई, तोही आठवण झाली तर. मी आले तेव्हा कुत्रा म्हातारा झाला होता. अंगावरचे केस जागोजाग गेलेले, डोळ्यांत पडदा. तो भुंकतसुद्धा नसे. मी वाळवण घालायला गेले की तिकडे पाठ करून घालत असे; माझ्यानं बघवत नसे.

बाईंच्या गुडघ्यांना जिने झेपत नसत, म्हणून त्या गच्चीवर कधी येत नसत. एका हिवाळ्यात मी त्यांना उन्हाला बसायला वर नेलं. आमचं काहीबाही बोलणं चाललं होतं. मध्येच बाईंची नजर समोरच्या गच्चीवर गेली. कुत्र्यानं अंग झाडलं होतं आणि गळ्याशी काहीतरी लाल दिसलं होतं. पट्टा लहानपणीचा, वर्षानुवर्षं तोच; मांसात रुतून बसला होता.

बाई उठल्या. तीन जिने उतरल्या, गल्ली ओलांडली आणि दत्तबाबूंच्या घरात शिरल्या. मी गच्चीवरून बघत राहिले. थोड्या वेळानं त्या समोरच्या गच्चीवर उगवल्या, मागे दत्तबाबू, त्यांच्यामागे नोकर. बोलणं सगळं बंगालीत, पण मला जेमतेम कळत होतं.

"म्हातारा झालाय तो, दीदीमोणि," दत्तबाबू म्हणत होते. तिकडे शिक्षिकेला असंच म्हणतात. "आता फार दिवस नाहीत त्याचे. तुम्ही नेऊन काय करणार?"

"मीही काही तरुण नाही," बाई म्हणाल्या. "साखळी सोडा."

दत्तबाबूंच्या अंगावरचं ओझंच उतरत होतं. त्यांनी सोडली. कुत्र्याला चालता येईना म्हणून नोकरानं त्याला उचलून खाली आणलं. साखळी बाईंनी घेतली नाही. "ती तुमची," म्हणाल्या. ती तिथंच कडीला लोंबत राहिली.

गुरांच्या डॉक्टरनं पट्टा कापून काढला तेव्हा कुत्र्याचं डोकं बाईंच्या मांडीवर होतं. त्यानं बाईंच्या हाताला कडकडून चावा घेतला. बाई हलल्यासुद्धा नाहीत. नंतर हाताला पट्टी बांधून शाळेत गेल्या आणि कुणी विचारलं तर म्हणाल्या, "त्याचा हक्कच होता."

जखम भरली, पण कुत्रा काही चालेना. म्हणजे चाले, पण गोल. बाईंच्या घरामागच्या छोट्या अंगणात त्याला मोकळं सोडलं तरी तो साखळीच्या लांबीएवढंच जाई आणि थांबे, जणू पुढे भिंत आहे. दूध त्या रेषेबाहेर ठेवलं तर बघत बसे, पण पाऊल टाकत नसे. मी ते पाहिलं आणि घरी येऊन रडले. बाई रडल्या नाहीत. त्या रोज शाळेतून आल्या की त्या न दिसणाऱ्या रेषेच्या पलीकडे पाट टाकून बसत आणि त्याला बोलावत. त्याचं नाव रेक्स होतं. 'रेक्स' म्हटलं की तो पोट जमिनीला टेकवी आणि तिथंच मुतत असे. त्या नावानं त्याला कधी चांगल्यासाठी कुणी हाक मारली नसावी. मग बाईंनी मोती म्हणून पाहिलं, राजा म्हणून पाहिलं. उपयोग झाला नाही. एक दिवस कंटाळून त्या आपलं सहज म्हणाल्या, "ये रे बाळ. ये माझ्या बाळा."

कुत्र्यानं कान हलवला आणि रेषेबाहेर पाऊल टाकलं.

असा तो बाळ झाला. आता यात वावगं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण त्याचा एक कान पार गेलेला, दुसरा अर्धवट. त्याला बोलवायचं तर मोठ्यानं, ताणून ओरडावं लागे. आणि बाईंचा आवाज म्हणजे वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत भूगोल पोचवलेला. सकाळी गल्लीत कोळशाच्या शेगड्यांचा धूर उठत असताना बाई बाळाला फिरायला काढत, रस्त्याच्या मधोमध, आणि तो मागे रेंगाळला की हाक येई: "बाळ! ए बाऽऽळ!"

मला गल्लीतल्या खिडक्या पटापट बंद झालेल्या दिसत. मी ह्यांना म्हटलं, काय माणसं आहेत, कुत्र्याचीसुद्धा हाक सोसवत नाही. ह्यांनी आमची खिडकी लावून घेतली, माझ्या कानाशी आले आणि बँकेतल्या कारकुनांकडून कळलेला त्या शब्दाचा बंगाली अर्थ मला सांगितला. मी तो इथे लिहिणार नाही. तो केसांविषयी आहे आणि ते केस डोक्यावरचे नव्हेत, एवढं पुरे. ती तिकडची नाक्यावरची शिवी. आणि एक पन्नाशी उलटलेल्या शिक्षिका रोज सकाळी ती शिवी भर गल्लीत, दत्तबाबूंच्या खिडकीखाली, गळा काढून म्हणत होत्या. दत्तबाबूंचे पक्षकार बैठकीत बसलेले असत. वर गल्लीतल्या टवाळांनी दत्तबाबूंना 'बाळाचे बाबू' म्हणायला सुरुवात केली होती.

पावसाळ्यात एका रविवारी दत्तबाबू बाईंकडे आले. बरोबर दोन शेजारी आणि संदेश मिठाईचा पुडा. मी योगायोगानं तिथंच होते, आणि योगायोग नसता तरी गेले असते.

हवापाण्याचं बोलणं झालं. मग दत्तबाबू म्हणाले, "दीदीमोणि, आपल्या कुत्र्याचं नाव."

"काय झालं नावाला?"

"म्हणजे, तो शब्द."

"कोणता शब्द?"

दत्तबाबूंनी शेजाऱ्यांकडे पाहिलं. शेजाऱ्यांनी छताकडे पाहिलं.

"आपण म्हणता तो."

"मी दिवसभरात पुष्कळ शब्द म्हणते. तुमचा आक्षेप नेमका कोणत्याला ते उच्चारून दाखवा."

वकिलाची जीभ मी आयुष्यात तेवढी एकदाच अडकलेली पाहिली. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी तो शब्द हवेत बोटानं लिहून दाखवला.

"हां," बाई म्हणाल्या. "तुमच्यात शेवटी ल आहे. माझ्या शब्दात ळ आहे. तुमच्या भाषेत ते अक्षर नाही, त्याला मी काय करू? जीभ वर वळवायची, टाळूला लावायची आणि सोडायची. ळ. म्हणा."

कुणी म्हटलं नाही. दत्तबाबूंचा मध मात्र संपला. ते म्हणाले, कुत्रा मी तुम्हाला सांभाळायला दिला, माझी अब्रू घालवायला नाही. त्याच्या खरेदीचा कागद माझ्याकडे आहे, मी वकील आहे. दुर्गापूजेपर्यंत नाव बदला, नाहीतर पूजा झाली की माणूस पाठवून माझा कुत्रा घरी नेईन.

समोरच्या गच्चीवरची साखळी मला रोज दिसत होती.

बाई उठून उभ्या राहिल्या. "माणूस कशाला? तुम्ही स्वतः या. तुम्ही दिलेल्या नावानं त्याला हाक मारा. आला तर तुमचा."

मंडळी गेल्यावर मी संदेश बशीत काढत म्हटलं, "बाई, बाळू म्हटलं तर? नाहीतर सोन्या? कुत्र्यासाठीच म्हणते मी. ते खरंच घेऊन गेले तर काय कराल? आणि तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, पण त्या शब्दाचा—"

"मला ठाऊक नसेल?" बाई म्हणाल्या. "अगं, मी इथं जन्मले. मला तो शब्द पाळण्यापासून ठाऊक आहे."

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडून एवढं सलग बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. बाईंच्या पाठचा भाऊ वसंत. आई त्याला बाळ म्हणायची, जशी कुठलीही आई म्हणते. तो शाळेत जायला लागला आणि पोरांना ते नाव कळलं. पोरं रोज घराखाली येऊन 'बाल, बाल' ओरडायची आणि पोट धरून हसायची. आईला बंगाली यायचं नाही. तिला वाटायचं, माझ्या बाळाला किती मित्र. ती कौतुकानं खिडकीतून बघायची आणि त्या पोरांना बेसनाचे लाडू द्यायची.

"आम्हां दोघांना कळत होतं," बाई म्हणाल्या. "तिला कोण सांगणार? एक दिवस तोच आला आणि म्हणाला, मला पुन्हा त्या नावानं हाक मारायची नाही. का ते सांगितलं नाही. त्यानंतर आई त्याला 'अरे' म्हणायची. मरेपर्यंत 'अरे'. माझ्या आईनं काही घाण केली नव्हती, सुधा. शब्द तिचा होता. पोरांनी घाण केला आणि टाकून आम्ही दिला. आता तो मला परत सापडलाय. मी का म्हणून सोडू?"

बाळ पायाशी झोपला होता आणि झोपेत पाय हलवत होता.

वसंतराव मला ठाऊक होते. डमडमला राहायचे, बायको बंगाली, घरात सगळा कारभार बंगालीत. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी बहिणीकडे यायचे, आणि मला फार चमत्कारिक वाटायचं ते हे, की ते बाईंशीही बंगालीच बोलत. ते बंगालीत विचारत, बाई मराठीत उत्तर देत, आणि दोघांचं तसंच चाले. हाकही 'दिदि'.

दत्तबाबू येऊन गेल्यावरच्याच एका रविवारी ते आले. बाईंनी कांदेपोहे केले होते; मी वरून मेतकूट घेऊन गेले होते. बोलता बोलता बाईंनी अंगणाकडे तोंड करून हाक मारली. वसंतरावांच्या हातातली बशी तशीच राहिली. चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. कुत्रा खुरडत आत आला आणि बाईंजवळ बसला.

वसंतराव बंगालीत म्हणाले, आणि एवढं बंगाली मला पुरेपूर समजलं: "माझं नाव कुत्र्याला दिलंस?"

"तुझं?" बाई म्हणाल्या. "तू तर टाकून दिलंस ना ते? यालाही कुणीतरी टाकलं होतं. टाकलेलं उचलायला मी कुणाची परवानगी घ्यायची?"

वसंतराव पोहे तसेच ठेवून निघून गेले. चपलासुद्धा गल्लीत जाऊन घातल्या. त्या रविवारी गेले ते मग कित्येक रविवार आलेच नाहीत. बाई मात्र दर रविवारी पोहे भिजवायच्या, आणि दुपारी ते मला वर पाठवायच्या. माझ्या मनात येई, एका म्हाताऱ्या कुत्र्यापायी सख्खा भाऊ गमवायचा, हा कसला हट्ट. एकदा तसं बोलूनही गेले. बाई म्हणाल्या, "भाऊ मी गमावला नाही. तो इथंच पडलाय, उचलायला यायला हवा."

पूजा जवळ आली. गल्लीत मांडवाचे बांबू येऊन पडले. ती वर्षं कलकत्त्याची वाईट होती. भिंतींवर रोज नव्या घोषणा, कुणाचा तरी मुलगा घरी आलेला नसे, आणि अधूनमधून कुठं ना कुठं बॉम्ब. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की लांबचा आवाज आला तर आम्ही कुकरच्या शिट्ट्या मोजत राहायचो.

त्या दुपारी आवाज लांबचा नव्हता. गल्लीच्या तोंडाशी फुटला. खिडक्यांची तावदानं हलली, धूर झाला, दुकानांच्या फळ्या धडाधड पडल्या, आणि मग चिडीचूप. मी दाराला कडी घालून आत बसले होते. तेवढ्यात खालून हाक आली.

"बाळ! ए बाऽऽळ!"

खिडकीची फट करून पाहिलं. अख्खी गल्ली रिकामी, धूर अजून तरंगतोय आणि मधोमध आठल्येबाई. पायात चपला नाहीत. आवाजानं घाबरून कुत्रा उघड्या दारातून निसटला होता. पोलिसांची गाडी येऊन थांबली. एक जण ओरडला, आत जा, मरायचं आहे का?

"का म्हणून आत जाऊ?" बाई बंगालीत म्हणाल्या. "माझा कुत्रा बाहेर आहे. जे मारतात त्यांना आत घाला."

आणि पुन्हा हाक. त्या एका हाकेशिवाय गल्लीत कसलाही आवाज नव्हता. मग काय झालं कोण जाणे, दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली आणि संदेश घेऊन आलेल्या शेजाऱ्यांपैकी एक जण तोंडाशी हात धरून पलीकडच्या टोकाला ओरडला, "बाल! बाल!" मग आणखी एक खिडकी. मग एक दार. ज्यांनी महिनोन्‌महिने कानांत बोटं घातली ती माणसं गॅलऱ्यांतून, ओट्यांवरून तो शब्द ओरडायला लागली. भीतीनं सगळ्यांचे आवाज चिरके झाले होते. मी भीतीतही हसत होते.

उंचावरून दिसेल म्हणून मी गच्चीवर गेले. आणि मला तो दिसला. समोरच. दत्तबाबूंच्या गच्चीवर, टाकीशी, त्या कडीखाली. आमच्या दोन पायऱ्या चढताना धापा टाकणारा तो कुत्रा तीन जिने चढून गेला होता आणि जिथं त्याला बांधून ठेवलं होतं नेमक्या तिथं, साखळीशेजारी, अंग चोरून बसला होता. भ्यालेल्या जिवाला त्याहून जवळचं ठिकाण माहीतच नव्हतं. मला त्या क्षणी दत्तबाबूंचा असा संताप आला की ते समोर असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

मी खाली ओरडून सांगितलं. बाई दत्तबाबूंच्या दारात गेल्या. लोखंडी सरकत्या दाराच्या आत दत्तबाबू उभे होते; कुत्रा आत शिरल्यावर त्यांनी कुलूप लावलं असावं.

"तो वर आहे," बाई म्हणाल्या.

दत्तबाबूंनी कुलूप काढलं. "या, घेऊन जा."

बाईंनी उंबरठा ओलांडला नाही. "नाही. तो आपल्या पायांनी तुमच्याकडे आलाय. तुम्हाला हवा होता ना? जा वर, हाक मारा. आला तर ठेवून घ्या."

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. पण त्या बोलल्या ते बोलल्या. छातीशी हात बांधून गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

दत्तबाबू वर आले. गच्चीवर फक्त ते आणि कुत्रा, आणि तारांपलीकडे मी. मी त्यांना दिसत होते की नाही कुणास ठाऊक.

"रेक्स," ते म्हणाले. कुत्र्यानं पोट जमिनीला टेकवलं. "रेक्स, कम." त्याच्याखाली ओल पसरत गेली. दत्तबाबू एक पाऊल पुढे आले आणि कुत्र्यानं डोकं भिंतीत खुपसलं.

मग त्यांनी धोतर सावरलं आणि त्या ओलीतच खाली बसले. चष्मा काढला. कुत्र्याच्या अर्ध्या ऐकणाऱ्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "बाड़."

मला आधी कळलंच नाही. ते पुन्हा म्हणाले, जीभ वर वळवून, अगदी प्रयत्नानं, "बाड़. एशो, बाड़." त्यांच्याच्यानं ळ होत नव्हता, पण ते ल म्हणत नव्हते. म्हणजे त्या रविवारचा धडा त्यांनी घरी जाऊन गिरवला होता.

कुत्र्यानं डोकं काढलं. उठला. रेषेबाहेर आला.

जिने उतरणं काही त्याला जमलं नाही. दत्तबाबू त्याला दोन्ही हातांत उचलून खाली घेऊन आले. पांढऱ्या धोतराचं पोतेरं झालं होतं. सगळी गल्ली बघत होती. त्यांनी कुत्रा बाईंच्या हातात दिला आणि मान खाली घालून म्हणाले, "निन, दीदीमोणि. आपनार बाड़."

कुणीही हसलं नाही.

"बाळ," बाई म्हणाल्या. "जीभ अजून थोडी वर."

पूजा झाली. माणूस आला नाही. कडीची साखळी मात्र कुणीतरी काढून टाकली. मी वाळवण घालायला गेले तर तिथं नुसती कडी होती.

त्या हिवाळ्यात आमची नागपूरला बदली झाली. निघताना बाई टॅक्सीपर्यंत आल्या होत्या आणि बाळही. पण मला बाई आठवतात त्या तशा नाहीत. मला आठवते ती बॉम्बनंतरची, पूजेच्या आधीची सकाळ. बालीगंजला बॉम्ब फुटल्याचं पेपरात आलं होतं. मी गॅलरीत केस विंचरत उभी होते. खाली बाई ओट्यावर, फाटकाकडे पाठ करून, दुधात पोळी कुस्करत होत्या. बाळ थोडा लांब उन्हाला पडला होता, पार गेलेला कान वर करून.

फाटकाशी वसंतराव येऊन उभे राहिले. बसेस बंद असाव्यात. बूट धुळीनं भरलेले, सदरा पाठीला चिकटलेला. अर्धे केस पिकलेला तो माणूस बहीण धडधाकट आहे एवढं बघून तसाच परत फिरेल असं मला वाटलं. त्यांनी फाटकावरचा हात काढलाही होता.

बाईंनी मागे न बघता हाक मारली. "बाळ, ये रे. खाऊन घे."

कुत्र्याला ऐकू गेलं नाही. तो हलला नाही.

"आलो, ताई," वसंतराव म्हणाले.

बाईंचा हात वाटीत थांबला. त्या वळल्या नाहीत. जरा वेळानं पुन्हा पोळी कुस्करायला लागल्या आणि म्हणाल्या, "आधी पाय धुऊन ये."